न्हाणीतल्या मुंग्या

खाज सुटते हे दुसऱ्याला सांगायचं कसं, ते मला चाळिशीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या सास्तूरला बायका ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढं तरी हळू आवाजात म्हणतात. खाज म्हटलं की समोरची बाई पदर सावरून उठते. मी ब्लाउज शिवणारी. दिवसभर मशिनवर बसायचं आणि खालून आग आग व्हायची. गिऱ्हाईक समोर असलं की दात आवळून शिलाई मारायची. त्या हिवाळ्यात माझ्या हातून किती गळे तिरके गेले, ते माझं मला माहीत.

आमचे मालक उसाचा ट्रॅक्टर चालवतात. हंगाम लागला की ढोकीच्या कारखान्याकडं फेऱ्या, आठ-दहा दिवसांनी घरी एक मुक्काम. थोरले दीरही तेच काम करतात. थोरल्या जाऊबाईंना आदल्या वर्षी असाच त्रास झाला होता, म्हणून शेवटी त्यांनाच विचारलं. त्यांनी आधी दार लोटलं.

“मला डॉक्टरनं सांगितलं, दोघांनी बी गोळ्या घ्या,” त्या म्हणाल्या. “भायेरून आणलेलं असतंय ते. बाप्ये आणत्यात.” आणि डब्यातल्या उरलेल्या चार कॅप्सूल माझ्या हातावर ठेवल्या.

कॅप्सूल मी घेतल्या, पण त्याहून जास्त ते वाक्यच अंगात भिनलं. दोघं भाऊ एकाच माळेचे मणी, असं मी ठरवून टाकलं. मालक घरी आले की कपडे भिजवायच्या आधी खिसे उलटे करून बघायची. कधी तंबाखूची पुडी निघायची, कधी कारखान्याची वजनाची चिठ्ठी. दुसरं काही सापडलं नाही, तेव्हा वाटलं, लई हुशार आहेत.

कॅप्सूल संपल्या आणि आग दुपटीनं वाढली. मग मी मालकांपासून लांब, मुलीच्या खोलीत अंथरूण टाकायला लागले. ती दहावीला होती, तिला पहाटे उठवायचं असतं, हे कारण सोयीचं होतं. तिच्या शेजारी पडून मी विचार करायची, उद्या मोठं दुखणं निघालं तर? गावात कळलं तर? आणि या माणसाबरोबर पुढं संसार करायचा कसा?

त्यातच न्हाणीत मुंग्या झाल्या. मोरीच्या तोंडाशी रोज सकाळी काळी रांग. मी राख टाकली, हळद टाकली, उकळतं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. याचंही खापर मालकांवरच फोडलं. त्यांचे कपडे उसाच्या रसानं चिकट झालेले असतात, ते तिथंच भिजत पडतात, म्हणून मुंग्या. मालक आठ-आठ दिवस घरी नसत आणि मुंग्या रोज असत, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. राग आला की माझी अक्कल अशीच गहाण पडते.

मला सारखी तहान लागायची. माझीच पोलकी मला ढिली व्हायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, “काळजीनं माणूस वाळतंय.” मला ते पटलं, कारण काळजीला काही तोटा नव्हता.

शेवटी मुरूमच्या बाई डॉक्टरांकडं जायचं ठरवलं. जाऊबाईंचं ऐकून मालकांनाही न्यायचं होतं. त्यांना म्हटलं, “म्याडम जोडीनंच बोलावत्यात.” वाटलं होतं, काचकूच करतील. ते लगेच “चल” म्हणाले. मला तेही खुपलं. यांना आधीच माहीत आहे की काय?

आत मी एकटीच गेले आणि सवयीनं म्हटलं, “कंबर दुखती.”

“कंबर सगळ्याच बायकांची दुखते,” डॉक्टर म्हणाल्या. “खरं काय ते सांग.”

मग सांगितलं. अंगावरून जातं ते कसं दिसतं, वास येतो का, ओटीपोट दुखतं का, ताप येतो का, असं त्या एकेक विचारत गेल्या. दही फुटल्यागत जातं, वास नाही, ओटीपोट दुखत नाही, नुसती खाज आणि आग. बोलता बोलता मला आठवलं, जाऊबाईंचं पिवळं होतं, वास मारायचा आणि त्या ओटीपोट धरून बसायच्या. फरक माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मला तो बघायचाच नव्हता.

“ही बुरशी दिसते,” त्या म्हणाल्या. “पण नुसत्या डोळ्यांवर मी जात नाही. कधी दोन्ही दुखणी एकदम असतात, कधी संबंधातून आलेलं दुखणं काहीच दाखवत नाही.” त्यांनी तपासलं, नमुना घेतला. कॅप्सूलचं कळल्यावर मात्र भडकल्या. “त्या जंतूंसाठी असतात. बुरशी त्यांनी मरत नाही, उलट तिला रान मोकळं होतं.”

मग अचानक विचारलं, “तहान फार लागते? लघवीला बसतेस तिथं मुंग्या येतात?”

मी दोन्हीला मान हलवली. बोटाला सुई टोचून त्यांनी रक्त बघितलं आणि सांगितलं, मला साखरेचा आजार आहे, बराच वाढलाय आणि म्हणूनच ही बुरशी हटत नाही. नंतर मालकांना आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेजारी दोन बायका कानडीत बोलत होत्या, त्या माझ्याबद्दलच बोलतायत असं मला वाटत होतं. मालक बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मलमाची ट्यूब होती. मागून डॉक्टर म्हणाल्या, “तुझीच बुरशी यांना लागलीय. कुणी बाहेरून काही आणलेलं दिसत नाही.” नमुन्याचा निकालही आठवड्यानं तसाच आला.

त्या दिवशी परत येताना मालकांनी तुरीच्या एका शेताजवळ गाडी थांबवली.

“राग धरू नगंस,” ते खाली बघत म्हणाले. “मला खाज सुटल्यापास्नं म्या तुझ्यावरच शंका धरली हुती. म्या भायेर असतो, तू लांब झोपाया लागलीस. म्हनलं, हिचं काय तरी हाय.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. “तुमाला लाज न्हाय वाटली?” मी भर रस्त्यात ओरडले. रडले, नाही नाही ते बोलले. ते हात जोडून उभे होते. “चुकलं माझं,” एवढंच म्हणत होते.

त्याला आता तीन वर्षं होतील. साखर ताब्यात आहे आणि न्हाणीत मुंगी दिसत नाही. मालक माझ्याबरोबर बिनसाखरेचा चहा पितात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. माझ्यावर संशय घेतल्याची टोचणी त्यांना अजून आहे. मी त्यांचे खिसे उलटे करत होते, हे मात्र मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.