वहिनींची कविता चालीत बसेना

मंडळी, आजच्या काव्यवाचनाला जे नव्हते, त्यांच्यासाठी हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे.

माझ्या वहिनींनी निर्यमक कविता आणली होती. गोदाघाटावर धुणं धुताना बाळाला झटके आल्याचा निरोप येतो आणि आई घराकडे धावत सुटते, एवढाच विषय.

अध्यक्ष अण्णांनी कागद घेतला आणि कीर्तनातल्या साकीच्या चालीवर गायला सुरुवात केली. आपल्याकडे कविता म्हटली की गायचीच. ओळ संपली की थांबून तान. लोक हसायला लागले. अण्णा म्हणाले, "यमक नाही, चालीत बसत नाही. बाई, आधी वृत्त शिका."

अहो, वृत्त आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत, मोजा. यमक मुद्दाम टाळलंय. ओळ संपते पण वाक्य थांबत नाही, पुढच्या ओळीत धावतं, त्या आईसारखं. मी हे सांगत होतो आणि अण्णा पान लावत होते.

घरी येताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशी मी पायरीपायरीला थांबले असते, तर बाळ मला जिवंत भेटलं असतं का?"

अण्णांनी याचं उत्तर याच कागदाखाली लिहावं. हवं तर चालीत लिहावं.