रूबेनसाहेबांची तेफिलीन

आम्ही कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेतले जुने लोक आता भेटतो ते कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर दवाखान्यात. पण भेटलो की पाच मिनिटांत कुणीतरी रूबेनसाहेबांचं नाव काढतं, आणि मग एका किश्शाला दुसरा चिकटत जातो. निम्मे तर माझ्या डोळ्यांसमोर घडलेत.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिस भाड्याच्या इमारतीत, फायली अजून उस्मानाबादहून ट्रकनं येत होत्या, आणि त्यातच दुष्काळ. मी लोह्याचा, नवा क्लार्क. बोअरच्या जागा ठरवायला अलिबागकडचे रूबेनसाहेब बदलून आले. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठीच बोलणारे. शेषाबाईंच्या घरात आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली.

पहिल्याच सकाळी मला जाग आली, तर साहेबांच्या डाव्या दंडावर काळी चामड्याची पेटी, आणि तिचा पट्टा ते मनगटापर्यंत गुंडाळत होते. मला वाटलं, बीपी बघतायत. बरं नाही का, म्हणून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तर नुसता हात हलवला. साहेबांची वाचा गेली, या भीतीनं मी बनियनवरच पळालो आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आलो.

तोवर दुसरी पेटी डोक्यावर बसली होती आणि साहेब शांतपणे प्रार्थना म्हणत होते. संपल्यावर त्यांनी समजावलं. याला तेफिलीन म्हणतात, आत धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली असतात, एक हृदयाजवळ आणि एक डोक्याशी. हातावरची बांधल्यापासून डोक्यावरची बसेपर्यंत मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

डॉक्टर आलेच होते. त्यांनी माझं बीपी बघितलं.

डोक्यावरच्या पेटीचा नियम असा, की ती कपाळावर येऊ द्यायची नाही. केस जिथून सुरू होतात त्याच्या वर, बरोबर मधोमध. साहेबांना तर पार मागपर्यंत टक्कल. मी भीत भीत विचारलं, की तुमचे केस कुठून सुरू होतात हे कळतं कसं?

साहेबांनी पाकिटातून लग्नाचा फोटो काढला. दाट, मागं वळवलेले केस. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "कांबळे, नियमाला आजचं टक्कल चालत नाही. मूळचे केस होते तीच हद्द."

ऑफिसात तालुक्यांच्या हद्दींवरून रोज भांडणं चालायची. एवढा स्पष्ट नकाशा आमच्याकडं एकाही तालुक्याचा नव्हता.

शनिवारी आणि सणाला तेफिलीन घालत नाहीत. हे शेषाबाईंना कुठून माहीत असणार? पहिल्या शनिवारी साहेब पेट्यांशिवाय बसलेले बघून त्या काढा घेऊन आल्या. साहेबांनी सांगितलं की आज शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र वार, तो दिवसच देवाची खूण, वेगळी खूण बांधायची गरज नाही. शेषाबाईंनी ऐकून घेतलं, आणि काढा प्यायला लावलाच.

तेफिलीन बांधण्याआधी हात स्वच्छ लागतात. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तरी शेषाबाई साहेबांसाठी एक तांब्या झाकून ठेवायच्या. एकदा टँकर आलाच नाही. साहेबांनी शेषाबाईंचा रिकामा माठ बघितला, झाकलेला तांब्या माठात ओतला, आणि अंगणात जाऊन कोरड्या मातीनं हात घासले. पाणी नसलं तर तेही चालतं म्हणाले.

आमचे जीपचे ड्रायव्हर गफूरमामा फाटकात उभे होते. म्हणाले, "आमच्यात बी हाय साहेब हे. पानी नसलं तर माती." मग दोघं कितीतरी वेळ आपापले नियम एकमेकांना सांगत बसले. त्या दिवशी दौऱ्याला जीप दोन तास उशिरा निघाली.

आता शेवटचा. निलंग्याकडच्या एका गावात दोन बोअर कोरडे गेले होते. तिसऱ्यासाठी आम्ही अंधारातच निघालो, त्यामुळं साहेबांची तेफिलीन राहून गेली. जागा दाखवून, मशीन सुरू करून ते एका लिंबाखाली गेले. घड्याळ काढलं, बाही वर केली.

पेट्या बघून सगळं गाव गोळा झालं. पाणी शोधायचं यंत्र आहे, अशी कुजबुज सुरू झाली. मी सांगत होतो, अहो, ही पूजा आहे, पाण्याशी संबंध नाही. कोण ऐकतंय? गफूरमामांनी तेवढं बजावलं की साहेबांशी आत्ता कुणी बोलायचं नाही. शंभर माणसं चिडीचूप उभी राहिली.

साहेबांनी डोक्यावरची पेटी बसवली, डोळे मिटले. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिनं त्यांच्या नाकाची रेघ बघितली, दोन बोटांनी पेटी जराशी डावीकडं सरकवली, पुन्हा बघितलं आणि मागं जाऊन उभी राहिली. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. पण गालावरून पाणी ओघळलेलं मी बघितलं.

दुपारी दोनशे फुटांवर धुरळाच आला. तिसराही कोरडा. साहेब मान खाली घालून जीपमध्ये बसले. उद्यापासून टँकर लावतो, एवढंच सरपंचांना कसंबसं म्हणाले.

म्हातारी खिडकीशी आली. साहेबांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "लेकरा, मनाला लावून घिऊ नको. पेटी बराबर व्हती. म्या सोता बसिवली."