सोपे होत जाणारे प्रश्न

बाळांनो, समोरच्या शाळेत मी दर बुधवारी तिसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. काल गोष्ट झाली नाही. पुढे राज्यभर घ्यायच्या एका नव्या परीक्षेची तिथे चाचणी होती. प्रत्येकापुढे एक टॅब. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. मुलांना हे दहा मिनिटांत उमगलं.

मी त्याच वर्गातल्या गार्गीच्या मागच्या बाकावर बसले होते. एरवी परीक्षेतही कुणी खोडरबर मागतं, कुणी शेजारच्या पेपरात डोकावतं. काल कुणाची मान वळली नाही, कारण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता.

गार्गी भागाकारावरून बेरजेवर आली आणि मग तिच्यापुढे चित्रातले आंबे मोजायला आले. तिने ते मोजलेच नाहीत, नुसती बघत राहिली. आमच्या वेळी चुका आठवड्याने कळायच्या आणि तोवर आम्ही सुखात असायचो. हिला ते यंत्र तिथल्या तिथे सांगत होतं, तेही आवाज न चढवता, प्रश्न सोपा करून. मला त्या सौम्यपणाचीच भीती वाटली.

सुट्टीत मुलं कुणाला काय आलं ते एकमेकांना विचारू लागली, तेव्हा वर्गातली रिया ओरडली, "ए, गार्गीला आंबे आले!"

गार्गी माझा पदर धरून म्हणाली, "आजी, आता बाई मला सोपंच शिकवणार का?"

मी बाईंकडे पाहिलं. टॅब गोळा करता करता त्या म्हणाल्या, "वरून अजून काही कळवलेलं नाही."