बाबूच्या गाडीचे टॅपेट

माझी शेवटची पोस्टिंग कांदिवलीच्या लष्करी वर्कशॉपला होती. हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. कुटुंब गावी, साताऱ्याकडे. रविवारी बॅरेक रिकामी व्हायची आणि मग माणसाने करायचं काय, खाटेवर पडून पंखा बघायचा? एकटेपणा नुसता खायला उठायचा. म्हणून मी नाहूरला जायचो, नाईक बाबू सावंतच्या आईकडे, काकींकडे.

बाबू माझा जोडीदार. पहाडात आम्ही एकाच रिकव्हरी सेक्शनला होतो. हात सोन्याचा, पण इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे खटके, नेहमी ढिले ठेवायचा. व्हॉल्व्ह जळत नाहीत म्हणे. इंजिन सारखं टिकटिक करायचं. सुभेदार साहेब ओरडायचे, "सावंत, ये इंजन है या सिलाई मशीन?" मग त्याच्यामागून मी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून सगळे पुन्हा बरोबर करायचो आणि त्याला शिव्या घालायचो. तो हसायचा, गाढव.

एका सकाळी तो घाटात अडकलेला ट्रक काढायला गेला. रेडिओवर मी होतो.

"रस्ता खचतोय. मागे घेतो. ओव्हर."

"रॉजर. सावकाश. ओव्हर."

पुढे काहीच आलं नाही. गाडी नदीत गेली होती. खूप शोधलं, बाबू सापडला नाही. घरी फक्त तार गेली.

त्याची जुनी फियाट नाहूरला घरासमोर वर्षभर उभी होती. सुट्टीवर आला की स्वतःच खोलायचा, स्वतःच जोडायचा. शेवटी गिऱ्हाईक ठरलं, सोमवारी न्यायला येणार होतं. काकी मला म्हणाल्या, "झिला, ती जावच्या आधी एकदा चालू कर. बाबूच्या गाडीचो आवाज माका ऐकूचो आसा." एवढंच मागितलं त्या माउलीने.

रविवारी सकाळीच मी कामाला लागलो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, प्लग घासले, पॉइंट सेट केले, बॅटरी चार्ज करून आणली. वरचं झाकण काढलं तर टॅपेट ढिले होतेच. गेज घालून बरोबर करून टाकले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. दुपारी इंजिन चालू झालं. एकदम झकास, गुळगुळीत. मी दाराकडे बघत राहिलो. काकी बाहेर आल्या नाहीत.

आत गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, आधी जेवून घे, मगे चालू कर गाडी.

"काकी, चालूच आहे."

त्यांचा हात थांबला. त्यांनी कान देऊन ऐकलं. "ती? माका वाटला, रस्त्यार कोणाची तरी आसा. बाबूची न्हय ती."

बाबूचा हात मीच पुसून टाकला होता. धावत जाऊन टॅपेट ढिले केले. टिकटिक आली. काकी बॉनेटपाशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणखी ढिले केले. पुन्हा तेच. बाबूने गेज कधी वापरलाच नव्हता, बोटाने हलवून ठरवायचा. ते माप कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार? ऊन उतरेपर्यंत मी स्क्रूशी झटत होतो.

"पुरे, झिला," काकी म्हणाल्या. "तार इली तेवा माका खरा वाटूक नाय. आता वाटला."

मी इंजिन बंद केलं. वर्षभर न रडलेल्या काकी बंपरवर बसून रडल्या. मी शेजारी बसलो. मलाही आवरलं नाही.

युनिटच्या लेखी नाईक बाबू सावंत पहाडात गेला. आम्हा दोघांपुरता तो त्या रविवारी, नाहूरला गेला.