सहा खड्यांचं मशीन

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि वाशीम जिल्ह्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं.

मेडशीकडच्या एका जमीनदारानं फिर्याद दिली, की आजोबांचं स्विस मनगटी घड्याळ चोरीला गेलं. चारच दिवसांत खबऱ्यानं कळवलं, त्यांचाच सालदार गडी मंगरूळपीरच्या सराफाकडे तसलं घड्याळ विकतोय. त्याला घड्याळासकट उचललं. फिर्यादी पाहताक्षणी म्हणाले, "हेच."

पंचनाम्यात आम्ही सोन्याला कधी सोनं लिहीत नाही. लिहिलं, 'पिवळ्या धातूचे जुने घड्याळ, एक नग, बंद.' मागचं झाकण कुणी उघडलं नाही. वस्तू बाहेरूनच लिहून घ्यायची, ही आमची जुनी खोड.

सालदार एकच सांगत राहिला, "माहा आजा जऊळक्याच्या टेसनावर हमाल होता, त्याले गोऱ्या सायबानं देलं होतं. माय दवाखान्यात हाये, म्हनून इकून राह्यलो."

मी हसलो. हमालाला असं घड्याळ कोण देतो?

आरोपीवर मी हात टाकत नसे आणि त्याचा मला भारी अभिमान होता. कोठडीच्या दुसऱ्या दिवशी त्याला चहा दिला नि म्हटलं, "कबूल कर, संध्याकाळी आईजवळ जाशील." त्यानं चहा पिऊन कप खाली ठेवला.

"लिवा सायेब, मीच घेतलं."

मग त्यानं शिपायाबरोबर आईला निरोप धाडला, सांजच्याले येतो. सोडणं माझ्या हातात नव्हतं, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. तो तुरुंगात गेला.

दोषारोपपत्रापूर्वी मुद्देमालाची किंमत काढावी लागते. सराफ म्हणाला, डबीचं, म्हणजे वरच्या सोन्याचं, मी सांगतो, मशीनचं घड्याळजीला विचारा. घड्याळजीचं दुकान ठाण्यासमोरच होतं. म्हाताऱ्यानं डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं.

"सायेब, हे जमीनदारायचं नाही. डबी सारखी हाये, पन त्यायचं मशीन म्या कितीकदा खोललं. चाकायखाली पंधरा मानकाचे खडे अन् लिव्हरची चाल. याच्यात सहाच खडे, चाल सिलिंडरची. हातघड्याळं नवी नवी निघाली तवाचं हे. काहून धरलं त्या मानसाले?"

मी तडक फिर्यादीच्या घरी गेलो. पेटी उपसल्यावर त्यांचं घड्याळ लग्नाच्या कोटाच्या आतल्या खिशात निघालं.

सालदार सुटला, तेव्हा त्याच्या आईला जाऊन सहा दिवस झाले होते. अग्नी चुलतभावानं दिला होता. ठाण्यात त्यानं पावतीवर अंगठा उठवला. मी माफी मागितली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"लोक म्हनते, निरोप भेटल्यावर माय सांजपर्यंत दाराकडं पाहून राह्यली होती," एवढं बोलून त्यानं घड्याळ खिशात टाकलं.

त्यानंतर मी प्रत्येक वस्तू उघडून पाहू लागलो, हाताखालच्यांनाही ते शिकवलं. त्याचा त्याला काय उपयोग? मारलं नाही म्हणून मी स्वतःला चांगला समजत होतो. त्याच्या आईला दाराकडे बघायला मीच लावलं, तेही चहा पाजून.