दारातली गोष्ट आणि भेंडीचा डबा

डॉक्टरकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून दारात येऊन उभे राहतात. म्हणजे अक्षरशः दारातच! कोलार रोडवर माझं स्त्रीरोगाचं क्लिनिक आहे. भोपाळची मराठी मंडळी एकमेकांना इतकी ओळखतात की बाहेरच्या बाकावर हमखास कुणाची तरी मावशी बसलेली असते. त्यामुळे आत येणारी प्रत्येक बाई तक्रार सांगते ती 'ॲसिडिटी'ची. मी गोळी लिहून देते, ती उठते, दाराच्या कडीला हात लावते आणि मग म्हणते, "मॅडम, अजून एक छोटीशी गोष्ट होती..." आता तर मी ॲसिडिटी पटकन उरकते आणि स्वतःच दारापर्यंत सोडायला जाते!

*

कल्याणीची गोष्टही अशी दारातच निघाली. मूळची नागपूरची. नवरा प्रशांत कारखान्यात टेक्निशियन, घर आनंद नगरला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात सोवळं कडक. पाळी आली की ती देवघरापासून लांब, म्हणजे सगळ्या घराला कळलंच. सासूबाई तोंडाने एक शब्द बोलायच्या नाहीत. "पण दिवा लावताना असा सुस्कारा सोडतात ना मॅडम, त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या!"

दोघांचे रिपोर्ट चांगले होते. आडवी येत होती ती शिफ्ट ड्यूटी. मी म्हटलं, "दिवस ओळखायला शीक. अंगावरून जातं ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं स्वच्छ, बुळबुळीत, ताणलं तर तार येणारं झालं, की समज, हेच ते दिवस."

ती दचकली. "मॅडम, आमच्याकडे अंडं चालत नाही!"

"अगं, खायचं नाहीये!"

"पण मी फोडलेलं पाहिलंच नाही कधी."

मी डोकं खाजवलं. "बरं, भेंडी चिरतेस ना?"

तिचा चेहरा उजळला. "हां हां! ती तार!"

*

आता याच्या अगदी उलट गाऱ्हाणं. बाग सेवनिया भागातले एक इंजिनिअर. दुसरं मूल नको, पण साधनं वापरायचा कंटाळा. बायकोला दिवस गेले तेव्हा साहेब माझ्यावरच रुसले.

"मॅडम, मी या पाळीपासून आणि पुढच्या पाळीपासून सारखंच अंतर ठेवलं होतं. बरोब्बर मधले दिवस. मॅक्सिमम सेफ्टी!"

"अहो साहेब, स्त्रीबीज साधारण त्याच सुमारास बाहेर पडतं. शिवाय पुरुषबीज आत काही दिवस तग धरून बसतं. तुम्ही खड्डा चुकवायला निघालात आणि नेम धरून त्यातच उतरलात!"

बायको ओढणीत तोंड लपवून हसत होती. ती धाकटी आता शाळेत जाते. गणितात हुशार आहे म्हणे, आईवर गेली असणार.

*

मग एक नवं जोडपं. मुलगा भोपाळातच वाढलेला, आत आला तोच विजयी मुद्रेने.

"मॅडम, काल प्रोटेक्शन राहिलं. पण सकाळी घरी टेस्ट केली, निगेटिव्ह! बच गए!"

"काल पेरलं आणि आज कणीस शोधतोस? टेस्ट करायची ती पाळी चुकल्यावर. आधी सांग, इमर्जन्सीची गोळी घेतली का?"

"घेतली ना! अर्धी हिने, अर्धी मी. जिम्मेदारी तो दोनों की है!"

मी कपाळावर हात मारला. "तुझी जिम्मेदारी आता मेडिकलपर्यंत पळण्याची. नवी गोळी आण, ती अख्खी हिची एकटीची. जितका उशीर, तितका भरवसा कमी!"

पठ्ठ्या खरोखर पळाला. पुढच्या महिन्यात दोघं आले ते नेहमीचं साधन विचारायला. विचारलं अर्थात दारातच.

*

आणि एक दिवस कल्याणीच्या सासूबाई एकट्याच आल्या. ॲसिडिटी! मी त्यांना दारापर्यंत सोडलं.

"डॉक्टर, आमच्या प्रशांतला भेंडी बाधून राहिली."

"म्हणजे?"

"सुनेनं डब्यात भेंडी दिली, की डोकं दुखते म्हणून ड्यूटी बदलून घरी येऊन जाते तो. दर महिन्याला! मंग काहून देते ही?"

मी हसू कसंबसं गिळलं. पेशंटचं गुपित, सांगणार कसं? "देऊ द्या हो. फक्त त्या दिवसांत तुम्ही बहिणीकडे जाऊन राहत जा. ॲसिडिटीला हवापालट बरा."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे कल्याणीच सांगत आली, "मॅडम, आता सासूबाई स्वतःच बाजारातून भेंडी आणतात. मी चिरायला घेतली, की या बॅग भरायला घेतात!" दोघी हसलो. पण दिवा लावतानाचा सुस्कारा काही थांबला नव्हता. मलाही वाईट वाटलं. भेंडी म्हणजे काही हमी नव्हे, हे तिला पुन्हा सांगायचा धीर मला झाला नाही.

*

गेल्या आठवड्यात सासूसून बरोबर आल्या. सासूबाई तरातरा आत आल्या आणि माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. आत किलोभर कोवळी भेंडी.

"घ्या, तुमच्या घरी करा."

कल्याणी नाकाला रुमाल लावून दारातच थांबली होती. मी म्हटलं, "अगं, आत ये ना!"

"नाही येत ती," सासूबाई म्हणाल्या. पिशवीचं तोंड त्यांनी घाईघाईने बंद केलं. "भेंडीचा वासच सहन नाही होऊन राहिला तिला!"