गुलबर्ग्याकडे तोंड करून

"आलं का?" मी माळवदावरून ओरडलो. दोन्ही हातांनी पाइप धरला होता. पाइपाच्या टोकाला अँटेना होती. ती मी इंच-इंच फिरवत होतो.

खालून एक जाड, अडखळता आवाज आला.

"बंतु."

बंतु म्हणजे कानडीत 'आलं'. मला वाटलं, घरातला कोणी गडी असेल. मी पाइप तिथंच आवळला आणि शिडीवरून उतरून आत गेलो. टीव्हीवर गुलबर्ग्याचं चित्र स्वच्छ आलं होतं. समोर खुर्चीत घरमालक शिवलिंगप्पा बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडला होता. त्यांचा मुलगा विरूपाक्ष आणि बायको गंगूबाई मागे उभे होते. नवा टीव्ही लागल्यावर लोक टीव्हीकडे बघतात. हे दोघे म्हाताऱ्याकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"चित्र बघून आज पहिल्यांदा आपणहून बोलले," विरूपाक्ष म्हणाला.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी सोलापुरात एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात मेकॅनिक होतो. सोलापूरला स्वतःचं केंद्र नव्हतं. पुण्याचं होतं, पण फार लांब. मग गुलबर्ग्याला केंद्र झालं आणि शहरात माळवदांवर पाइप दिसायला लागले. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. जमीन मात्र सपाट नसते, ती हळूहळू वळत जाते. त्यामुळे लांबच्या केंद्राच्या लहरी आपल्या डोक्यावरून निघून जातात. त्यातलं थोडं काही धरायचं तर पाइप उंच लागतो आणि अँटेनाचं तोंड नेमकं त्या केंद्राकडे लागतं. सोलापूरची अडचण अशी, की गुलबर्गा पूर्वेला आणि पुणं पश्चिमेला. एकाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ.

त्या दिवशी मी हत्यारं गोळा करत होतो, तेव्हा विरूपाक्ष मला अंगणात घेऊन गेला.

"गड्डम, ह्या अँटेनावर पुणं पण लागेल का?"

"पुण्याचं काय घेऊन बसलात? गुलबर्गा एवढं छान आलंय."

"माझ्यासाठी नाही विचारत," तो म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं.

शिवलिंगप्पा मूळचे सीमेवरच्या दुधनीचे. सोलापुरात त्यांची अडत होती. शेतकरी माल आणायचे, हे तो विकून द्यायचे. बाजारात दिवसभर मराठी, घरीही मराठी, कारण गंगूबाई मराठी मुलखातल्या, करकंबच्या. आईशी आणि दुधनीच्या माणसांशी तेवढी कानडी. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. काही महिने वाचाच गेली होती. मग हळूहळू परत आली, पण आली ती फक्त कानडी. मराठी गेली ती गेलीच. बोलता येत नव्हती, आणि दुसरं कुणी बोललं तर कळतही नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधी कधी. लहानपणची भाषा राहते, नंतरची पुसली जाते. कानावर पडत राहिली तर कदाचित येईल, नाहीतर नाही.

"म्हणजे तुमच्या आईंशी?"

"एक शब्द नाही. मला दुधनीला जाऊन-येऊन कानडी येते, पण मी अडतीवर असतो. संध्याकाळी आलो की मधे बसून इकडचं तिकडं सांगतो. दिवसभर दोघं खुणा करतात."

आम्ही गड्डम, घरी तेलुगू. मी बाहेर मराठी बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदीही बोलतो. आपली भाषा अशी एका रात्रीत निघून जाईल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी गंगूबाईंकडे बघितलं. त्या नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा करत होत्या.

"गुलबर्ग्यामुळे ते बोलते होतील हे खरं," विरूपाक्ष म्हणाला. "पण कानडीच बोलतील. मला त्यांची मराठी परत पाहिजे. आईसाठी."

मी त्याला खरं ते सांगितलं. पुणं सोलापुरात लागतं असं म्हणता येत नाही. कधीतरी हवा जमली की तासभर चित्र येतं, एरवी पडद्यावर नुसत्या ठिपक्यांच्या मुंग्या. त्यासाठी अँटेना फिरवावी लागेल. शिवाय दोन्ही केंद्रं धरणारी अँटेना घेतली तर गुलबर्गा आज येतंय तेवढं चांगलं येणार नाही.

"दोन वेगळ्या लावा."

"दुसरा पाइप धरायला तुमच्याकडे पक्की भिंत कुठाय? माळवद मातीचं आहे. एकाच पाइपावर दोन लावल्या तर वाऱ्यात खाली येतील."

मी दुकानात येऊन मालकांना ही हकिगत सांगितली. सांगायला नको होती असं नाही, पण मालकांचे डोळे लगेच फळीकडे गेले. तिथं एक रोटर पडून होता. रोटर म्हणजे अँटेनाच्या खाली बसवायची मोटर. घरात टीव्हीजवळ एक डबी असते, तिच्यावरचं बटण फिरवलं की वर अँटेना फिरते. मालकांच्या कुणा पाहुण्यानं तो परदेशातून आणला होता. सोलापुरात कुणालाच त्याची गरज पडली नव्हती.

"हे त्यांचंच काम आहे," मालक म्हणाले.

"साहेब, पुणं लागणार नाही. मोटर लावली म्हणून लहरी वाढत नाहीत."

"लागेल तेव्हा लागेल. आपण वचन कुठं देतोय?"

"आपल्याकडचं व्होल्टेज, वारा, धूळ. मोटर अडकली तर पार्ट कुठून आणायचा?"

"आणू की. तू पुढचं पुढं बघ."

मी विरूपाक्षला पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं. घट्ट बसवलेली अँटेना एकच केंद्र देईल, पण रोज देईल. फिरणारी दोन दाखवीन म्हणेल, आणि एकाचीही खात्री नसेल. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गड्डम, तुमच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं. पण प्रयत्न केला नाही असं व्हायला नको." मी रोटर बसवला.

पहिले काही आठवडे तक्रार आली नाही. संध्याकाळी आधी गुलबर्गा लागायचं. शेतीचा कार्यक्रम असला की शिवलिंगप्पा पुढं सरकून बसत. तुरीचं, शेंगांचं काही निघालं की मान हलवून "हौदु, हौदु" म्हणत, म्हणजे होय, बरोबर. मग विरूपाक्ष बटण फिरवी. माळवदावर मोटर घरघरे, आणि पडद्यावर मुंग्या येत. नुसता खरखर आवाज. तेवढा वेळ म्हातारा बटणाकडे बोट दाखवत राही. मुलगा म्हणे, "थांबा अप्पा, येईल." ते त्यांना कळत नसे. मग तो तेच कानडीत सांगे. मला हे कळलं, कारण मी दोनदा क्षीण लहरी मोठ्या करणारा बूस्टर बघायला गेलो होतो. दुसऱ्या खेपेला म्हातारा खुर्चीत नव्हता. आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

मग उन्हाळ्यात एका संध्याकाळी वावटळ सुटली. जुन्या गिरणीकडचे पत्रे उडाले. शिवलिंगप्पांचा पाइप टिकला, पण रोटर गेला. आतल्या गिअरचे दात तुटले आणि अँटेना अडकली. नेमकी पुण्याकडे तोंड करून, आणि रोटरच्या वजनासाठी पाइप तारांनी जखडलेला, तोही फिरेना. आता मुंग्यांशिवाय काहीच येत नव्हतं.

मी मालकांना म्हणालो, "रोटर काढतो आणि अँटेना गुलबर्ग्याकडे घट्ट बसवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"काढला की तो परत आपल्या गळ्यात. पाहुण्याला पत्र टाकलंय. पार्ट येऊ दे."

पार्ट येईना. विरूपाक्ष दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मालकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला दुसऱ्या कामांवर धाडलं. नोकरी मालकांची होती, आणि रोटर त्यांच्या हुकमाशिवाय मला काढता येत नव्हता.

एका दुपारी गंगूबाई स्वतः दुकानात आल्या. भर उन्हात चालत आल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"ते यंत्र काढून टाका," त्या मालकांना म्हणाल्या.

"आजी, पार्ट येतोय. दोन्ही केंद्रं दिसतील."

"मला दोनी नकोत. येकच पायजे. त्यांचं."

"तुमच्यासाठीच तर मुलानं..."

"ठावं हाय मला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "वादळाच्या आदी येकदा पुणं लागलं होतं बगा. चांगलं अर्दा तास. मराठी नाटुकलं होतं कसलं तरी. लई दिसांनी हसले मी. हसता हसता त्यांच्याकडं बगितलं. ते माज्याकडं बगत होते. वळक न्हाय आसं बगत होते. मी का हसतीय ते त्यांना कळंना, आन मला सांगता येईना."



"आजी, तुम्हाला कानडी कधीच येत नव्हती?" मी विचारलं.

"सासू लौकर गेली. माज्याशी ह्यांनीच मराठी धरली. मला शिकायची पाळीच आली न्हाय. चाळीस वरसं त्यांनी माजी भाषा बोलली की. आता मी बसंन त्यांच्याजवळ. कळंल न कळंल."

मालक म्हणाले, "बरं, बघतो, ह्या आठवड्यात..."

"पार्ट कवाबी यील," त्या म्हणाल्या. "माणूस ऱ्हायला पायजे तवर."

मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी पिशवी उचलली. त्याच दुपारी रोटर उतरवला, अँटेना पुन्हा थेट पाइपावर चढवली, तोंड गुलबर्ग्याकडे केलं आणि बोल्ट इतके आवळले, की पाना हातातून निसटायला लागला. संध्याकाळी चित्र आलं. पहिल्या दिवसासारखंच स्वच्छ.

शिवलिंगप्पांना दोघांनी धरून खुर्चीत आणलं. मधल्या दिवसांत ते फार उतरले होते. शेतीचा कार्यक्रम लागला. ते बघत राहिले. मी आवाज थोडा वाढवला. ते काही बोलले नाहीत. विरूपाक्षनं कानडीत काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. गंगूबाई त्यांच्या खुर्चीला लागून जमिनीवर बसल्या होत्या.

"उशीर झाला का हो?" विरूपाक्षनं मला दारात विचारलं.

मी मेकॅनिक होतो. मी म्हणालो, "चित्र आता हलणार नाही." तो हसला नाही.

त्यानंतर मी अधूनमधून त्या बाजूला गेलो की डोकावायचो. म्हातारा कधी कधी एखादं "हौदु" म्हणायचा. पण तो आधीसारखा पुढं सरकून बसत नव्हता. दिवाळीच्या आधी त्यांना दुसरा झटका आला आणि त्यातच ते गेले.

महिन्याभरानं विरूपाक्षनं बोलावलं. वाऱ्यानं एक तार सैल झाली होती. मी ती ताणून दिली. खाली उतरलो तेव्हा टीव्ही चालू होता. कानडी बातम्या लागल्या होत्या आणि गंगूबाई एकट्या समोर बसल्या होत्या.

विरूपाक्ष हळू आवाजात म्हणाला, "आई, आता पुण्याकडं करून घ्यायची का? कधीतरी लागेल. तुला कळेल तरी."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आत्ता कुटं कळाय लागलं होतं."

मी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडलो. सायकल हातात धरून बराच चालत गेलो.

पुढं सोलापूरला स्वतःचं केंद्र झालं, उंच पाइप उतरले. मग डिशच्या छत्र्या आल्या, छोट्या आणि मोठ्या. एकाच उपग्रहाकडे रोखलेल्या आल्या आणि मोटरवर फिरणाऱ्याही आल्या. तोवर माझं स्वतःचं दुकान झालं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, घट्ट बसवू की फिरती घेऊ? यंत्राचं उत्तर सोपं आहे. फिरतीला जास्त दिसतं, घट्ट बसवलेली जास्त टिकते. ते सांगायच्या आधी मी विचारायचो, घरात सगळ्यात जास्त वेळ टीव्हीसमोर कोण बसणार? बहुतेक जण आधी स्वतःचं नाव सांगायचे. परत विचारलं की घरातल्या दुसऱ्या कुणाचं सांगायचे.